शेवटच्या एकोणीस ओळी

१

टायपिंगला माझा हात चांगला आहे. हे स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कोणी सांगतही नाही. सव्वीस वर्षं मी लोकांचं बोलणं ऐकून कागदावर उतरवते. आधी कोर्टात, मग विमा कंपनीत, आणि गेलं दीड वर्ष डॉक्टरांकडे. डॉक्टर मनाचे. ज्यांना झोप येत नाही, गोळ्या सुटत नाहीत, घराबाहेर पाऊल टाकवत नाही, असे लोक त्यांच्याकडे येतात. डॉक्टर हाताच्या शिरेतून गुंगीचं थोडंसं औषध देतात आणि मग संमोहनाने माणसाला खाली नेतात. 'खाली' हा त्यांचाच शब्द.

तिसरा मजला, तीन खोल्या. बाहेर बाकं, मधे माझं टेबल, आत बैठकीची खोली. तिच्या दाराला आतून जाड कापड ठोकलंय, त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू येत नाही. बैठकीचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर येतं. मी हेडफोन लावते आणि पायाने पेडल दाबते. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. "बाई, रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकायचं. मधेच सोडायचं नाही. टाइप करून झालं असलं तरी."

मी हो म्हटलं. नवीन माणसाला काहीतरी बजावल्याशिवाय साहेबलोकांना चैन पडत नाही.

बैठकीची सुरुवात प्रत्येकाची वेगळी असायची. कुणाला जिन्याने खाली नेत, कुणाला उतारावरून, कुणाला लिफ्टने. अंग जड होतंय, पापण्या मिटतायत, जीभ सैल पडलीय. मग एक दार यायचं, दारामागे एक खोली, आणि तिथे काय दिसतं ते माणसाने आपल्या तोंडाने सांगायचं. शेवट मात्र सगळ्यांचा एकच. एक ते पाच आकडे, आणि पाचला डोळे उघडा. मोजून एकोणीस ओळी. सुरुवातीला मी त्या इमानेइतबारे ऐकल्या. मग म्हटलं, तेच ते किती दिवस ऐकायचं? त्या ओळी मी एकदाच टाइप करून ठेवल्या आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी चिकटवायला लागले. डॉक्टर 'एक' म्हणायच्या आत माझा पाय पेडलवरून उचललेला असायचा. डॉक्टर सही करताना वाचत नसत. चार मिनिटं वाचायची, चहा गरम प्यायला मिळायचा.

माझ्यावर असलं काही चालत नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. लोक खाली जात होते, मी टाइप करत होते.

२

तो शिंपी दुसऱ्यांदा आला होता, तेव्हाची गोष्ट. त्याची खोली मला पहिल्या बैठकीपासून पाठ होती. कापडाचे ठाण, लाकडी जिना, उंचावर एक खिडकी. या वेळी तो म्हणाला, "एक बाई बसलीय."

"कोण आहे?" डॉक्टरांचा आवाज.

"पाठमोरी आहे. मान खाली. हाताने काहीतरी करतेय. टकटक वाजतंय."

डॉक्टर पुढे गेले, मीही गेले. माणूस गुंगीत काय वाटेल ते बोलतो. एकाला आपले गुडघे खोलीभर पसरलेले दिसले होते.

पुढच्या आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका. ही तिची तिसरी बैठक. रिकामा वर्ग, पुसलेला फळा. "मागच्या बाकावर दोघीजणी बसल्यात," ती म्हणाली. "माझ्याकडे पाठ करून. वर्गात असं बसलेलं मी चालवून घेत नाही." मी हसले. मग पेडल सोडलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं मी स्वतःला सांगितलं. तरी दुपारी जुने कागद काढलेच. पहिल्या बैठकीत ती बाई कुणालाच दिसली नव्हती. दुसऱ्या बैठकीत दिसली होती, एक. तिसऱ्या बैठकीत दोन. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. हे सगळं मीच टाइप केलं होतं. हाताने केलं होतं, डोक्यात काही गेलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बैठक संपून माणूस बाहेर येतो तेव्हा औषध अंगात असतंच. त्या वेळी जे नजरेला पडेल ते आत खोल जाऊन बसतं. आणि बाहेर पडल्यावर पहिलं काय दिसतं? तुम्ही. खिडकीकडे तोंड, दाराकडे पाठ, आणि टकटक."

"आणि दोघी कशा दिसतात?"

"दोनदा बाहेर आले म्हणून."

अगदी पटलं. खरं तर इतकं सोपं उत्तर मलाच कसं सुचलं नाही, याची लाज वाटली. संध्याकाळी जाताना टेबल फिरवून दाराकडे तोंड करून ठेवलं. त्याने काही फरक पडला नाही.

३

त्याच सुमारास आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "तू हल्ली घरात असून नसल्यासारखी असतेस."

"तीस वर्षांनी लक्ष गेलं का माझ्याकडे?"

"चेष्टा नाही करत. भाजीत दोनदा मीठ घातलंस. आणि खातेयस मुकाट्याने."

मी परत एक घास घेतला. खारट होती म्हणतात तर असेल. मला ना खारट लागत होती ना अळणी. वयाचं असेल, म्हटलं. उजवा पाय घोट्यापर्यंत बधिर असायचा, तो पेडलचा पाय. तेही वयाचं. साठीला टेकल्यावर वय हे फार सोयीचं उत्तर असतं.

माझं सगळं लक्ष तेव्हा बारक्याकडे होतं. बारक्या माझा धाकटा भाऊ. एकावन्न वर्षांचा आहे, वजन नव्वदच्या घरात, पण लहानपणी काडी होता म्हणून नाव पडलं ते पडलं. चष्मे दुरुस्त करतो. तिळाएवढे स्क्रू असतात त्यात. बाबांच्या शेवटच्या तीन वर्षांत त्यानेच सगळं केलं. बाबा रात्रीतून दहादा हाक मारायचे आणि हा दहादा उठायचा. मी लग्न होऊन गेलेली, रविवारी फळं घेऊन जायची. बाबा गेले, हाका थांबल्या, पण याची झोप काही परत आली नाही. मग गोळी सुरू झाली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. सकाळी जीभ जड, बोलणं लडबडतं, दूध आणून ठेवलेलं विसरून पुन्हा दूध आणायला जायचा. पुढे हात कापायला लागले. स्क्रू चिमट्यातून निसटून जमिनीवर पडायचा आणि हा भलामोठा माणूस गुडघ्यांवर बसून तो शोधत राहायचा. मीच त्याला डॉक्टरांकडे आणलं.

डॉक्टर म्हणाले, नात्यातल्या माणसाचं टायपिंग तुम्ही करू नये. बारक्या म्हणाला, "ताईपासून काय लपवायचंय? लहानपणी मी अंगावर रॉकेल सांडून घेतलं तेव्हापासून तिला माझं सगळं माहीत आहे." आणि टायपिंगला दुसरं होतंच कोण.

४

दर पंधरा दिवसांनी एक बैठक. औषधाचा गुण येत होता, हे कबूल केलं पाहिजे. चारावरून अर्ध्या गोळीवर आला. हात स्थिर झाले. माझ्या चष्म्याची काडी त्याने माझ्यासमोर बसवून दिली, एका झटक्यात.

त्याची खोली म्हणजे एक लांबलचक दालन होतं, पिवळ्या भिंती, जमिनीला ओल. पहिल्या खेपेला रिकामं. दुसऱ्या खेपेला तो आत गेला आणि म्हणाला, "अरे, ताई."

माझी बोटं थांबली नाहीत. त्यांनी 'अरे, ताई' टाइप केलं.

"काय करतेय ती?" डॉक्टर.

"टाइप करतेय. हाक मारली, बघत नाही."

साहजिक होतं. बाकीच्यांना मी अनोळखी बाई, याला बहीण. तिसऱ्या बैठकीत दोन ताया होत्या, चौथीत तीन. बारक्याला त्याचं आश्चर्य वाटत नव्हतं. तिथे कसलंच आश्चर्य वाटत नाही, असं सगळेच सांगतात. तो त्यांच्याभोवती फिरायचा, त्यांच्याशी बोलायचा. तोंड दिसतं का, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ती दमलीय हो फार."

बैठकीत डॉक्टरांच्या मदतीला असणारी नर्सबाई एकदा सहज म्हणाली, "काकू, तुमच्या भावाला वर यायला वेळ लागतो हं. काल अर्धा तास लागला."

"आळशी आहे पहिल्यापासून. शाळेतही मीच उठवायची त्याला."

ती हसली. मीही हसले. त्या बैठकीखालीही मी एकोणीस ओळी चिकटवल्या आणि चहाचा कप उचलला. चहा कोमट लागला. वाफ तर दिसत होती.

५

नवव्या बैठकीच्या दिवशी सकाळी अकराला बारक्या आत गेला. आमच्या दोघांच्या डब्यांवरून काहीतरी थट्टा करून गेला. साडेबाराला दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"बाई, जरा आत या."

त्या खोलीत मी दीड वर्षात कधी गेले नव्हते. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर घड्याळ, खिडकीतून भरपूर ऊन. एवढंच. बारक्या उताणा पडला होता, हात पोटावर. तोंडावर इतकं स्वास्थ्य मी बाबांच्या आजारपणाआधी कधीतरी पाहिलं असेल. तेच मला खटकलं.

डॉक्टरांचा आवाज नेहमीसारखाच होता. "चार वेळा मोजलं. वर येत नाहीत. नाडी छान आहे, श्वास छान आहे, डोळ्यांच्या बाहुल्या बरोबर आहेत. औषध तासापूर्वीच उतरलंय, उतारा म्हणून दुसरं इंजेक्शनही दिलंय. म्हणजे हे औषधामुळे नाही. रुग्णवाहिका सांगून ठेवलीय, तासाभरात येईल. तिथे नेलं की नळ्या घालतील, तपासण्या करतील. पण तिथे त्यांना वर कोण आणणार, हा प्रश्न आहे. हे माझं ऐकतायत, उत्तरंही देतायत. फक्त यायला तयार नाहीत."

मी खाली वाकले. "बारक्या, मी आलेय. ऊठ."

त्याचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच. "तू ऊठ ना आधी," तो म्हणाला.

नर्सबाई भिंतीला टेकली. मी डॉक्टरांकडे बघितलं.

"तासभर हेच चाललंय," ते म्हणाले. "ताई उठल्याशिवाय येत नाही म्हणतायत. तिथे आठ आहात म्हणे तुम्ही."

आठ. मी त्याच्या आठ बैठका टाइप केल्या होत्या. दुसऱ्या कुणाला याचा अर्थ लागला नसता. मला लागला, आणि पाय घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत बधिर झाला. दर खेपेला मी हेडफोन लावून त्याच्याबरोबर खाली गेले होते. वर यायच्या आधी पेडलवरून पाय उचलला होता.

बाकीचे लोक परके. ते बघतात की कोणी बाई बसलीय, आणि आपले निघून येतात. हा माझा भाऊ.

६

डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मी सांगितलं होतं, शेवटपर्यंत ऐका म्हणून." मग म्हणाले, "माझा यावर विश्वास नाही. पण त्यांचा आहे. आणा रेकॉर्डिंग."

मी लॅपटॉप आणि हेडफोन आत आणले आणि पलंगाशेजारी खुर्चीत बसले. आठवी बैठक लावली. शेवटावर नेली.

एक, डॉक्टर म्हणाले. श्वास मोकळा होतोय. दोन. पायांत बळ येतंय. तीन. आजूबाजूचे आवाज ऐकू येतायत. चार. इथलं इथेच ठेवून तुम्ही वर येताय. पाच. डोळे उघडा.

माझे डोळे उघडेच होते. तरी ते उघडले. याहून नीट मला सांगता येणार नाही. स्पिरिटचा वास आला. घड्याळ वाजत होतं, ते ऐकू आलं. आतापर्यंत त्याचा काटा नुसता फिरताना दिसत होता.

"एक उठली," पलंगावरून बारक्या म्हणाला.

पण रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. पाचानंतर हेडफोनमध्ये बारक्याचाच आवाज होता, खूप खालून. "थांबा डॉक्टर. तिलाही सांगा ना." डॉक्टर म्हणत होते, "त्या आपल्या आपण येतील. तुम्ही या." "तिला ऐकू जात नाही हो. एकटी राहील ती." बराच वेळ डॉक्टर मोजत होते, पुन्हा, पुन्हा. अर्धा तास माझा भाऊ माझ्यासाठी गयावया करत होता आणि त्यावर मी माझ्या एकोणीस ओळी चिकटवून चहा प्यायले होते.

सातवी लावली. पाचला दोन्ही गुडघे असे दुखायला लागले की डोळ्यांत पाणी आलं. केव्हापासून दुखत असतील कोण जाणे. सहावी लावली. तोंडात सकाळच्या चहाची चव आली, कडू, साखर विसरले होते. पाचवी लावली आणि बाबा गेल्याचं रडू आलं. दोन वर्षं झाली होती. रडले नाही म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. तेव्हा रडले नाही, ते या असल्या कामामुळे नव्हे, मी तशीच होते. पण आता ते आलं आणि मी त्या खुर्चीत बसून हुंदके देऊन रडले. नर्सबाईने पाठीवर हात ठेवला. हाताचा गरमपणा कळला.

"चौघी उठल्या," बारक्या म्हणाला. त्याच्या पापण्या हलत होत्या. डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

"चौथी लावा," ते म्हणाले.

चौथी नव्हती. तिसरी, दुसरी, पहिली, एकही नव्हती. दोन महिन्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग ठेवायचं नाही, असा नियम आहे, रुग्णांच्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत म्हणून. ते पुसायचं काम माझं. कामात माझी चूक काढायला जागा नाही, तारीख उलटली की पुसलेलं असतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे तोंड करून स्वतः मोजलं, एक ते पाच. मी डोळे मिटून ऐकलं, उघडून ऐकलं. काही झालं नाही. मग मी चौथ्या बैठकीचा कागद काढला आणि शेवटच्या एकोणीस ओळी मोठ्याने वाचायला लागले. सात ओळी झाल्या असतील.

"नको वाचू ताई," बारक्या म्हणाला. "त्या चौघींपर्यंत पोचत नाही ते."

वाचता वाचता कागदावरून मी नजर वर केली, आणि खोलीची पलीकडची भिंत मला पिवळी दिसली. ती पांढरी आहे. जमीन ओली होती. भिंतीशी चार पाठी होत्या, माझ्या निळ्या स्वेटरच्या, आणि त्यांच्यात एक भलामोठा माणूस गुडघ्यांवर बसला होता, हरवलेला स्क्रू शोधायला बसतो तसा, आणि एकीच्या तोंडाकडे खालून बघत होता. त्याला ते दिसत होतं. मला दिसलं नाही. मग भिंत पांढरी झाली.

७

रुग्णवाहिका खाली लागल्याचं नर्सबाई सांगायला आली, तेव्हा बारक्याने डोळे उघडले.

अगदी सरळ उघडले, सकाळी उघडतात तसे. आधी छताकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. ओळख पूर्ण होती. मी त्याचा हात पकडला. हात कापत नव्हता.

"आलास," मी म्हटलं.

"बघायला आलो, तू कशी आहेस ते." त्याचा आवाज जड होता, पण शब्द स्वच्छ होते. "बरी दिसतेस. निम्मी आलीस म्हणजे चालेल तुझं. घरच्यांना कळणारही नाही."

"तू बस इथे. पाणी पी. डॉक्टर, याला बसवा."

"ताई, ऐक. त्या चौघी काही उठत नाहीत आता. आणि त्यांना सोडून कसं येऊ? हाक आली की कोणीतरी पाहिजे ना जवळ. मला सवय आहे."

"बारक्या, मी इथे आहे. ही मीच आहे, ही बघ. त्या कोणी नाहीत."

त्याने माझा हात थोपटला. मी चुकीचं बोलतेय, पण मोठी आहे म्हणून तो काही म्हणत नाही, असं लहानपणापासून त्याचं थोपटणं मला ठाऊक आहे.

"तिथे काही त्रास नाही गं," तो म्हणाला. "झोपही लागते." आणि त्याने डोळे मिटले.

डॉक्टर मोजत राहिले. जिन्यावर स्ट्रेचरचा आवाज येत होता. मी त्याला हाका मारल्या, ओरडून मारल्या, शपथा घातल्या. त्याचा श्वास संथ चालला होता. पांघरूण घालताना मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या मनात जे आलं ते मी अजून आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. त्या चौघी तिथे इतके महिने एकट्या बसलेल्या होत्या, मान खाली घालून, कोणाची हाक ऐकू न येता. आता त्यांच्याजवळ आपलं माणूस होतं. मला बरं वाटलं.